स्तनाच्या गाठीची बायोप्सी आणि पुण्यातील एक हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळा : एका सेवेचे परीक्षण

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या स्तनातील गाठीचा बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) विशेष रंजनासाठी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी, पुण्याच्या मध्यवस्तीतील एका खासगी प्रयोगशाळेकडे द्यावा लागला, आणि पुढे शस्त्रक्रियेने काढलेला भागही तेथेच तपासला गेला. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारी मांडायच्या आहेत, आणि ज्या निकषांवर मी ही सेवा पारखली ते कोणत्याही प्रयोगशाळेला लावून पाहता येतील असे आहेत. माझे मत आधीच सांगते : सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतले काम उत्तम, काउंटरवरचे काम सुमार, आणि या दोहोंमध्ये जे दळणवळण असायला हवे ते जवळजवळ नाहीच. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना मेणात बसवलेल्या ऊतींचे काप घेणे आणि ते रंगवणे यांत माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे इतरांनी सहज सोडून दिल्या असत्या अशा काही गोष्टींकडे माझे लक्ष गेले.

जाऊबाईंचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, वय ५४. मॅमोग्राफीत उजव्या स्तनाच्या वरच्या बाहेरील भागात ऊतींची रचना एका बिंदूकडे ओढली गेल्यासारखी दिसत होती आणि तेथेच चुन्याचे काही बारीक कण होते. रेडिओलॉजिस्टने बाय-रॅड्स ४बी असा शेरा दिला. या गटात कर्करोग निघण्याची शक्यता १० ते ५० टक्के धरली जाते, त्यामुळे तुकडा काढून तपासण्यावाचून गत्यंतर नसते. सोनोग्राफीत पाहत १४ गेजच्या सुईने तुकडे काढले गेले. रुग्णालयातून आलेल्या पहिल्या अहवालात दोन शक्यता शेजारी शेजारी मांडल्या होत्या : स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिस किंवा रेडियल स्कार यांसारखा साधा विकार, अथवा ट्युब्युलर कार्सिनोमा, म्हणजे मंद गतीने वाढणारा पण खराच कर्करोग. त्याखाली ‘आयएचसी (म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) करून घ्यावी’ एवढीच सूचना होती. एवढा मोठा फरक असलेल्या दोन गोष्टी एकाच कागदावर ‘किंवा’ घालून कशा लिहिता येतात, असा प्रश्न घरात सगळ्यांनाच पडला, आणि तो रास्त होता.

त्याचे उत्तर नेहमीच्या रंजनाच्या मर्यादेत आहे. कोणतीही बायोप्सी प्रथम हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीने रंगवली जाते. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन पेशीकेंद्रांना निळे-जांभळे करते आणि इओसिन बाकीच्या भागाला गुलाबी छटा देते. स्तनाच्या बहुतेक गाठींचा निकाल एवढ्यावर लागतो. नेहमीचा फायब्रोअ‍ॅडिनोमा किंवा ठसठशीत, बेढब केंद्रके असलेला आक्रमक कर्करोग ओळखायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दुसऱ्या रंगाची गरज सहसा पडत नाही. अडचण येते ती काही निवडक विकारांत. स्क्लेरोझिंग अ‍ॅडिनोसिसमध्ये आणि रेडियल स्कारच्या मध्यभागी तंतुमय ऊती इतक्या वाढतात की साध्या ग्रंथी त्यांत चेपल्या जाऊन बारीक, वेड्यावाकड्या नळ्यांसारख्या दिसू लागतात. ट्युब्युलर कार्सिनोमातही बारीक नळ्याच असतात, आणि त्यांच्या पेशी इतक्या शांत दिसतात की केंद्रकांच्या रूपावरून फारसा बोध होत नाही.

अशा वेळी शोधायची असते ती मायोएपिथेलियल पेशींची ओळ. स्तनातील निरोगी ग्रंथीला पेशींचे दोन थर असतात : आतला, पोकळीकडे तोंड केलेला थर आणि त्याला बाहेरून वेढणारा मायोएपिथेलियल पेशींचा थर. हा बाहेरचा थर म्हणजे शेताभोवतीचा बांध समजावा. साध्या विकारांत आतले पीक कितीही माजले तरी बांध शाबूत असतो. नलिकेतच मर्यादित असलेल्या कर्करोगात, म्हणजे डीसीआयएसमध्ये, आतल्या पेशी बिघडलेल्या असतात, पण कडेचा बांध बहुधा टिकून असतो. आक्रमक कर्करोगात तो नाहीसा झालेला असतो. चेपलेल्या ग्रंथीत ही ओळ नेहमीच्या रंगात दिसेनाशी होते, म्हणून तिच्यातील विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरून ती तपकिरी रंगात उठवावी लागते.

आता सेवेकडे वळते. काउंटरवर ब्लॉक, पहिला अहवाल आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर तेथील तरुणाने संगणकावर दोन कळा दाबून ‘ब्रेस्ट पॅनेल’चे बिल तयार केले. त्या पॅनेलमध्ये ईआर, पीआर, हर-२ आणि केआय-६७ असे चार मार्कर, म्हणजे रंगाने शोधायची चार प्रथिने, होती. हे चारही मार्कर महत्त्वाचे आहेत, परंतु कर्करोग आहे हे ठरल्यानंतर. ईआर आणि पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांना पकडणारी पेशींतील प्रथिने (रिसेप्टर), यांवरून हार्मोनविरोधी औषधांचा उपयोग होईल का ते कळते, हर-२ वरून त्या प्रथिनाविरुद्धची औषधे द्यायची का ते ठरते, आणि केआय-६७ पेशींच्या विभाजनाचा वेग दाखवते. गाठ साधी की कर्करोगाची, या प्रश्नाला यांतील एकही सरळ उत्तर देत नाही, कारण ईआर तर निरोगी ग्रंथीच्या काही पेशींतही असतोच. आम्ही पैसे भरून मोकळे झालो असतो, तर मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला असता आणि सुईने काढलेल्या त्या इवल्याशा तुकड्यातील चार काप वाया गेले असते. मी बिल थांबवायला सांगितले आणि पॅथॉलॉजिस्टशी बोलायचे आहे असा आग्रह धरला. ‘मॅडम, सगळे पेशंट हेच करतात,’ हे त्यावरचे उत्तर. माझी पहिली तक्रार हीच आहे. निदान अनिश्चित असलेल्या बायोप्सीचे मार्कर पॅथॉलॉजिस्टने काच, म्हणजे काचपट्टीवरचा रंगवलेला काप, पाहूनच ठरवायला हवेत, आणि ते ठरेपर्यंत काउंटरवर बिल फाडले जाता कामा नये. औषधाच्या दुकानात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी मागावी त्या थाटात इथे पॅनेल विकले जाते.

त्याच काउंटरवर मिळालेल्या फॉर्मबद्दल मात्र चांगलेच लिहायला हवे. त्यात तुकडा शरीराबाहेर काढल्याची वेळ आणि तो फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ, असे दोन वेगळे रकाने होते, आणि ते रिकामे ठेवून पुढे जाऊ देत नव्हते. आम्हाला रुग्णालयात फोन करून वेळा विचाराव्या लागल्या आणि तेवढ्यापुरता त्रागा झाला, परंतु आग्रह अगदी योग्य होता. ऊती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावी आणि शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात त्यात पडावी, अशी स्तनाच्या हार्मोन रिसेप्टर चाचण्यांसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. कमी वेळ राहिली तर प्रथिने नीट स्थिर होत नाहीत आणि वाजवीपेक्षा जास्त राहिली तर ती इतकी आवळली जातात की प्रतिपिंडे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा सोमवारच्या सुट्टीमुळे मंगळवारी संध्याकाळपर्यंत बाटलीतच पडून राहिला, तर ही मर्यादा ओलांडली जाते. ज्यांना नियोजित बायोप्सी करून घ्यायची आहे त्यांनी ती आठवड्याच्या सुरुवातीला ठेवावी, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही, तरीही ते सहसा कोणी सांगत नाही. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन बाटलीत असावे, आणि नुसत्या सलाइनमध्ये तर तो कधीच पाठवू नये.

पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंशी बोलणे झाले तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात जे सांगितले त्याने माझा विश्वास बसला : ब्लॉकमध्ये ऊती फार थोडी आहे, त्यामुळे आधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा ताजा काप पाहीन, आणि त्याच बैठकीत लागतील तेवढे कोरे काप काढून ठेवीन. हा शहाणपणा बारकाईचा आहे. मेणाचा ब्लॉक यंत्रावर दर वेळी नव्याने बसवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच ऊतीचा काही भाग छिलून जातो. सुईच्या बायोप्सीत तुकड्याची जाडीच दोन मिलिमीटरपेक्षा कमी असते, त्यामुळे दर खेपेला एक-एक मार्कर वाढवत गेले तर शेवटी जागेवर मेणच उरते आणि संशयास्पद भाग संपून जातो.

मी या विषयातली असल्याचे कळल्यावर त्यांनी काप घेण्याची खोली पाहू दिली. तेथील ज्येष्ठ तंत्रज्ञांनी ब्लॉक बर्फावर थंड करून रोटरी मायक्रोटोमला लावला, चाक फिरवले, आणि चार मायक्रॉन जाडीच्या कापांची अखंड रिबन पात्यावरून खाली उतरू लागली. पहिल्या रिबनमध्ये पात्याच्या खाचेने पडलेली एक बारीक उभी रेघ होती. त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरून पाहिली, काही न बोलता ती बाजूला केली, पाते सरकवले आणि दुसरी रिबन घेतली. कोमट पाण्यावर तरंगणारी रिबन सुईच्या टोकाने अलगद तोडून प्रत्येक काप चार्ज केलेल्या काचपट्टीवर उचलला, कारण साध्या काचेवरचा काप पुढच्या उकळण्यात सुटून जातो. प्रत्येक काचेवर पेन्सिलीने ब्लॉकचा क्रमांक आणि कापाचा क्रम लिहिला, आणि मगच पुढची काच हातात घेतली. एका वेळी टेबलावर एकाच रुग्णाचा ब्लॉक होता. नमुने अदलाबदल होण्याचा धोका टाळायला यापेक्षा खात्रीचा उपाय नाही, आणि घाईच्या प्रयोगशाळेत सर्वांत आधी बाजूला पडतो तो हाच.

रंजन स्वयंचलित यंत्रात होते. त्याचे तत्त्व जुने आहे. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीतील पदार्थ शोधता येतो हे दाखवले. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत काढली आणि १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. तरीही फॉर्मालिनने आवळलेल्या प्रथिनांचे काय करायचे हा प्रश्न होता. काप सायट्रेट किंवा ईडीटीएच्या द्रावणात तापवले की त्या गाठी सैल होतात, हे तंत्र १९९१ नंतर रुळले. यानंतर प्रतिपिंड चढते, त्याला जोडलेल्या पेरॉक्सिडेज या विकराच्या साहाय्याने डीएबी नावाचे रसायन तपकिरी होते, आणि शेवटी हिमॅटॉक्सिलिनचा हलका निळा हात दिला जातो. तपकिरी रंग जिथे उमटला तिथे ते प्रथिन आहे, असा अर्थ लावायचा.

मात्र यंत्राने रंग दिला म्हणून तो खरा मानायचा नसतो. या प्रयोगशाळेत प्रत्येक मार्करच्या काचेवर एका टोकाला ज्ञात ऊतीचा एक नियंत्रक तुकडा बसवलेला होता. तो रंगला नाही तर त्या दिवशीचे रंजन बाद. शिवाय रुग्णाच्याच कापातील निरोगी नलिका आणि रक्तवाहिन्या यांचा अंतर्गत ताळा घेतला जातो. पी-६३ हा मार्कर निरोगी नलिकेच्या बाहेरच्या केंद्रकांत दिसलाच पाहिजे आणि स्मूथ मसल मायोसिनचा मार्कर रक्तवाहिनीच्या भिंतीत. अहवालात ‘नियंत्रक समाधानकारक’ ही ओळ आहे की नाही, हे कोणत्याही रुग्णाला इंग्रजी येत असो वा नसो, घरबसल्या पाहता येते. माझ्या पाहण्यातील कित्येक अहवालांत ती नसते.

डॉक्टरबाईंनी निवडलेले मार्कर होते पी-६३, स्मूथ मसल मायोसिन हेवी चेन आणि कॅल्पोनिन, आणि नलिकांच्या आतील वाढीसाठी सीके ५/६ (केराटिन गटातील प्रथिने) व ईआर. निवड विचारपूर्वक होती. पी-६३ फक्त केंद्रकांत उमटतो, त्यामुळे ग्रंथीभोवती तो ठिपक्यांची तुटक ओळ काढतो. चार मायक्रॉनच्या कापात काही केंद्रके येतच नाहीत, म्हणून दोन ठिपक्यांत अंतर पडले तर लगेच घाबरायचे कारण नसते. मायोसिन आणि कॅल्पोनिन पेशीद्रव्यात उमटतात, त्यामुळे त्यांची रेषा सलग दिसते, पण कॅल्पोनिन आसपासच्या तंतुमय ऊतीतील मायोफायब्रोब्लास्ट पेशींनाही काही प्रमाणात रंगवते आणि त्या रेषा ग्रंथीला चिकटून गेल्या की फसगत होते. स्मूथ मसल अ‍ॅक्टिन हा स्वस्तातला जुना मार्कर या बाबतीत आणखी फसवा आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची असल्यामुळे किमान दोन मार्कर, एक केंद्रकाचा आणि एक पेशीद्रव्याचा, असा दंडक पाळला जातो. आम्ही विनंती केल्यावर डॉक्टरबाईंनी दोन डोक्यांच्या सूक्ष्मदर्शकावर आम्हाला काचा दाखवल्या. मायोसिनच्या काचेवर काही नळ्यांभोवतीची तपकिरी रेषा मध्येच फिकी होत नाहीशी झाली होती. वहिनी गप्प झाल्या. डॉक्टरबाईंनी तीच जागा पी-६३ च्या काचेवर शोधून काढली. त्याच नळ्यांभोवती लहान, चपट्या केंद्रकांचे तपकिरी ठिपके व्यवस्थित होते.

‘तंतुमय विकारांत या पेशी असतात, पण एखादा मार्कर नीट पकडत नाहीत. म्हणून मी एका काचेवर मत देत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘म्हणजे डॉक्टर, माझी गाठ साधी आहे की कशी, ते एका शब्दात सांगा ना,’ वहिनींनी विचारले.

‘सुईने जो तुकडा आला आहे त्यात कर्करोग नाही. संपूर्ण गाठीत नाही, असं मी आज म्हणणार नाही.’

माझ्या मते या एका उत्तरासाठी या प्रयोगशाळेला गुण द्यावेत. त्यांनी पुढे हेही सांगितले की तपकिरी ओळ दिसली म्हणजे कर्करोग नाही असा नियम कोणी करू नये. डीसीआयएसमध्ये ती दिसते. उलट मायक्रोग्लँड्युलर अ‍ॅडिनोसिस नावाच्या एका दुर्मीळ साध्या विकारात ती नसते, आणि तेथे एस-१०० हा मार्कर व पेशींभोवतीचे तळपटल यांचा आधार घ्यावा लागतो. रंगाची काच ही नेहमी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या काचेशेजारी ठेवूनच वाचायची असते. निव्वळ मार्करची यादी आणि त्यापुढे अधिक-उणे चिन्हे, एवढाच अहवाल हातात आला तर तो अपुरा समजावा.

इतक्या चांगल्या कामावर बोळा फिरवला तो अहवाल पोचवण्याच्या पद्धतीने. पीडीएफ संध्याकाळी उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडली, सोबत ना फोन ना ओळ. ठळक अक्षरांत ‘पी-६३ पॉझिटिव्ह, कॅल्पोनिन पॉझिटिव्ह’ असे होते आणि निष्कर्ष दुसऱ्या पानाच्या तळाशी. वहिनींच्या मुलाने पहिलेच पान वाचले आणि घरात रडारड सुरू झाली. या दोन मार्करचे पॉझिटिव्ह असणे ही दिलाशाची गोष्ट होती, हे समजावून सांगायला मला सहकारनगरपर्यंत त्यांच्या घरी जावे लागले, कारण फोनवर कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. निष्कर्ष पहिल्या पानावर सर्वांत वर असावा आणि त्याखाली दोन ओळी मराठीत असाव्यात, ही मागणी मी लेखी दिली आहे. अहवालात सूक्ष्मदर्शकाखालची रंगीत छायाचित्रे होती, ती सुंदर होती, पण जिला अहवाल कळत नाही तिला छायाचित्रेही कळत नाहीत.

अहवालात निदान रेडियल स्कार असे होते, आणि शेवटी डॉक्टरबाईंनी लिहिले होते की मॅमोग्राफीतील चित्राशी हे निदान जुळते का ते पाहावे, आणि चुन्याचे कण तुकड्यात आढळले आहेत. ही दुसरी ओळ साधी वाटली तरी तिला महत्त्व आहे. ज्या कणांमुळे तुकडा काढला ते कण तुकड्यात आलेच नसतील, तर सुई भलतीकडे गेली असण्याची शक्यता उरते. कॅल्शियम फॉस्फेटचे कण हिमॅटॉक्सिलिनने जांभळे दिसतात, पण कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक नेहमीच्या प्रकाशात जवळजवळ अदृश्य असतात आणि ते ध्रुवित प्रकाशात शोधावे लागतात. ते शोधल्याची नोंद अहवालात होती. शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून संपूर्ण रेडियल स्कार काढून टाकण्याचा निर्णय घेतला, आणि वहिनींच्या आग्रहावरून काढलेला भाग याच प्रयोगशाळेत आला.

त्या भागात आक्रमक कर्करोग नव्हता. बहुतेक नलिकांत नेहमीची अतिवृद्धी होती. तेथे सीके ५/६ ने काही पेशी तपकिरी आणि काही कोऱ्या अशी सरमिसळ दाखवली आणि ईआरही कुठे गडद कुठे फिका होता, म्हणजे निरनिराळ्या पेशींची संमिश्र वाढ. परंतु एका जागी, दोन मिलिमीटरपेक्षा लहान भागात, एकाच साच्यातून काढल्यासारख्या पेशी होत्या. तेथे आतल्या पेशींत सीके ५/६ अजिबात नव्हता आणि ईआर एकसारखा गडद होता. हा नमुना अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया (नलिकेतील पेशींची कर्करोग नसलेली, पण साधीही न म्हणता येणारी वाढ) आणि कमी दर्जाच्या डीसीआयएसमध्ये सारखाच असतो. त्या दोहोंतला फरक कोणताही रंग सांगत नाही. तो भागाचा विस्तार, म्हणजे दोन मिलिमीटर किंवा दोन नलिका, आणि रचना यांवर ठरतो. शिवाय कॉलम्नर पेशींच्या आणि अ‍ॅपोक्राइन बदलांतही सीके ५/६ नसतो, आणि ते साधे असतात. इथे डॉक्टरबाईंनी अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया असे निदान दिले, आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्याची नोंद अहवालात केली.

ही काळजी अनाठायी नव्हती. मार्च २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील ११५ पॅथॉलॉजिस्टांना स्तनाच्या बायोप्सीच्या काचा देऊन त्यांची निदाने तज्ज्ञगटाच्या निदानाशी ताडून पाहिली होती. आक्रमक कर्करोगाबाबत ९६ टक्के, डीसीआयएसबाबत ८४ टक्के, साध्या विकारांबाबत ८७ टक्के निदाने जुळली, आणि अटिपियाबाबत, म्हणजे अशा मधल्या वाढीबाबत, फक्त ४८ टक्के. प्रत्येक प्रकरणात एकच काच होती आणि विशेष रंजन उपलब्ध नव्हते, हे खरे, तरीही या आकड्यांवरून दुसरे मत कुठे घ्यायचे आणि कुठे त्यासाठी धावपळ करायची नाही, याचा पुरेसा अंदाज येतो. ‘साधी गाठ’ आणि ‘कर्करोग’ यांच्या मधल्या पट्ट्यातील निदान असेल तर दुसऱ्या डोळ्यांखालून काच गेलीच पाहिजे. ते पॅथॉलॉजिस्टवर अविश्वास दाखवणे नाही, आणि चांगले पॅथॉलॉजिस्ट ते तसे मानतही नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरचे ब्लॉक आणि काचा फेरतपासणीसाठी स्वीकारल्या जातात, पुण्यातून एका दिवसात जाऊन येता येते.

त्यासाठी ब्लॉक परत मिळणे आवश्यक असते, आणि येथे पुन्हा काउंटर आडवा आला. ब्लॉक ‘रेकॉर्डला ठेवतात, देत नाहीत’ असे आम्हाला ठामपणे सांगण्यात आले, तर डॉक्टरबाईंनी अर्जावर सही घेऊन, ब्लॉक व काचांची यादी करून, ते दुसऱ्या दिवशी हातात दिले. अर्जाचा नमुना काउंटरवरच्या खणातच होता. रुग्णाने उपचारांसाठी ब्लॉक मागितला तर तो नोंद करून द्यायला हरकत नसते, आणि ती विनंती पॅथॉलॉजिस्टकडेच करावी.

खर्चाबद्दल थोडक्यात. प्रत्येक मार्करचे वेगळे पैसे लागतात, आणि सीके ५/६ व ईआर वाढवण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून कारण सांगितले, ही पद्धत मला आवडली. अहवालाला लागलेला वेळ काउंटरवर सांगितल्यापेक्षा जास्त होता, परंतु रंजन पुन्हा करावे लागल्याने तो लागला असेल तर माझी त्याबद्दल तक्रार नाही. ती शक्यता पहिल्याच दिवशी सांगितली असती तर वहिनींनी रोज सकाळी फोन हातात घेऊन बसण्याची वेळ आली नसती. भिंतीवर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाचे प्रमाणपत्र होते. ही मान्यता चाचण्यांच्या यादीनुसार दिली जाते, त्यामुळे नुसते प्रमाणपत्र पाहून थांबू नये, प्रयोगशाळेच्या मान्य चाचण्यांत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आणि हवा तो मार्कर आहे का ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. मी पाहिले, पी-६३ आणि ईआर दोन्ही होते.

अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया झालेल्या स्त्रीला पुढे स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण स्त्रीच्या सुमारे चौपट असतो, म्हणून वहिनींची दरवर्षी मॅमोग्राफी होईल आणि प्रतिबंधक औषधाबद्दल त्यांचे कर्करोगतज्ज्ञांशी बोलणे चालू आहे. पुढे कधी तुकडा काढायची वेळ आलीच, तर तो मी याच प्रयोगशाळेत देईन, आणि काउंटरवर पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरबाई आहेत का ते विचारेन.